टीकेला बंदी, स्तुतीला मुभा

सरकारी नोकराने कार्यालयाबाहेर काय बोलावे हे ठरविणारा नियम सेवेच्या तटस्थतेसाठी आहे की सरकारच्या प्रतिष्ठेसाठी, याचा निवाडा सहा दशकांनंतरही झालेला नाही.

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नववा नियम जेमतेम अर्ध्या पानाचा आहे. पण लक्षावधी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या कार्यालयाबाहेरील आयुष्यावर त्याचा अंमल चालतो. नियम सांगतो की, सरकारी नोकराने नभोवाणीवर, दूरचित्रवाणीवर, स्वतःच्या नावाने, निनावी, टोपणनावाने वा दुसऱ्याच्या नावाने प्रसिद्ध केलेल्या मजकुरात, वृत्तपत्राकडे पाठविलेल्या पत्रात किंवा जाहीर भाषणात असे कोणतेही विधान करू नये, ज्यामुळे केंद्र अथवा राज्य सरकारच्या चालू किंवा नजीकच्या काळातील धोरणावर वा कृतीवर प्रतिकूल टीका होईल. केंद्र-राज्य संबंध अडचणीत येतील किंवा परराष्ट्राशी असलेले संबंध अडचणीत येतील, अशा विधानांनाही मनाई आहे. स्वतःचे कर्तव्य बजावताना अधिकृत नात्याने मांडलेली मते तेवढी या नियमातून वगळली आहेत.

या शब्दरचनेतील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली अशी की, नियमाने केवळ मतप्रदर्शन रोखलेले नाही, ‘वस्तुस्थितीचे विधान’ही रोखले आहे. म्हणजे केलेले विधान शंभर टक्के खरे आहे, हा बचाव शिस्तभंगाच्या चौकशीत उपयोगी पडत नाही. विधान खरे की खोटे हा तेथे मुद्दाच नसतो. ते सरकारला प्रतिकूल ठरते की नाही, एवढेच पाहिले जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नियमाने प्रतिकूल टीका निषिद्ध ठरविली आहे, अनुकूल स्तुती नव्हे. एखाद्या मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्याने रविवारी घरी बसून नव्या कृषी धोरणाचे गुणगान करणारा लेख लिहिला, तर नववा नियम त्याच्या वाटेला जाणार नाही. त्याच धोरणातील एक उणीव त्याच्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने दाखविली, तर त्याच्यावर दोषारोपपत्र निघू शकते. दोघांनीही आपली राजकीय पसंती-नापसंती सारखीच उघड केलेली असते. शिक्षेची टांगती तलवार मात्र एकावरच असते.

वर्तणूक नियमांचे समर्थन आजवर प्रशासकीय तटस्थतेच्या नावाने होत आले आहे. पण तटस्थता हाच हेतू असता, तर स्तुती आणि टीका या दोहोंना एकच माप लागले असते. ते तसे लागत नाही. या नियमाविषयीच्या साऱ्या वादाचे मूळ येथे आहे.

रंग वेगळे, परिपत्रक एक

गेल्या दशकात समाजमाध्यमांनी हा जुना नियम पुन्हा ऐरणीवर आणला. पूर्वी कारकुनाची टीका चहाच्या टपरीपाशी विरून जात असे. फार तर ती एखाद्या वृत्तपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात टोपणनावाने उमटे. आता तिची तारीख, वेळ आणि छायाचित्रासह नोंद राहते, आणि ती वरिष्ठांपर्यंत पोहोचविणाऱ्या हितचिंतकांचीही वाण नसते. यावर राज्य सरकारांनी दिलेले उत्तर मात्र पक्षभेदापलीकडचे आहे. केरळात डाव्या आघाडीच्या सरकारने २०१७ च्या प्रारंभी परिपत्रक काढून, पूर्वपरवानगीविना समाजमाध्यमांवर सरकारी धोरणांवर टीका करणाऱ्या कर्मचाऱ्यांना कारवाईचा इशारा दिला. जम्मू-काश्मीरच्या प्रशासनाने २०२३ च्या मार्चमध्ये त्याच आशयाचे आदेश काढले. महाराष्ट्रात महायुती सरकारच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये शासन निर्णय काढला आणि १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतील बंधने समाजमाध्यमांना स्पष्टपणे लागू केली.

महाराष्ट्राचा हा शासन निर्णय बारकाईने वाचण्याजोगा आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, वैयक्तिक खात्यावर शासकीय पदनाम व बोधचिन्ह वापरू नये, या त्यातील सूचना रास्तच आहेत. त्यांमुळे माणूस कोणत्या नात्याने बोलत आहे, हे वाचणाऱ्याला कळते. पण त्याच निर्णयात राज्याच्या वा देशातील कोणत्याही सरकारच्या चालू धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास मनाई आहे, आणि योजनांच्या यशाविषयी लिहिण्यास, त्यातून आत्मस्तुती होणार नाही एवढी काळजी घेण्याच्या अटीवर, मोकळीक आहे. केंद्रीय नियमात जे शब्दांच्या आड दडलेले होते, ते येथे उघडपणे लिहिले गेले. यशाची वार्ता चालेल, अपयशाची चालणार नाही.

कारवाईचा बडगा कसा आणि कोठवर पोहोचतो, याची उदाहरणे अलीकडच्या वर्षांतली आहेत. भारतीय प्रशासन सेवेतील काश्मीरचे अधिकारी शाह फैजल यांनी २०१८ मध्ये दक्षिण आशियातील बलात्काराच्या संस्कृतीवर उपरोधिक ट्वीट केले. ते त्या वेळी अभ्यासासाठी अमेरिकेत होते, आणि त्या ट्वीटमध्ये कोणत्याही सरकारच्या कोणत्याही धोरणाचा उल्लेख नव्हता. तरीही केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या सांगण्यावरून राज्याने त्यांच्यावर शिस्तभंगाची प्रक्रिया सुरू केली. त्रिपुरात मत्स्य विभागातील एका महिला कर्मचाऱ्याला निवृत्तीला जेमतेम चार दिवस उरले असताना निलंबित करण्यात आले. एका राजकीय सभेला ती हजर होती आणि फेसबुकवर तिने राजकीय मजकूर लिहिला, हा तिच्यावरील आरोप. आयुष्यभराच्या नोकरीनंतर मिळावयाचे निवृत्तिलाभ त्यामुळे अडकून पडले. असल्या प्रकरणांत बडतर्फी क्वचितच होते. तिची गरजही भासत नाही. निलंबन, लांबलेली चौकशी, हुकलेली बढती आणि रोखलेले निवृत्तिवेतन एवढ्याने एका कार्यालयातील सगळेच गप्प होतात.

परंपरा जुनी आहे

सरकारी नोकराच्या लेखणीला वेसण घालण्याची रीत या प्रजासत्ताकाने स्वतः शोधलेली नाही. ती ब्रिटिश अमदानीतून चालत आली. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने लिहीत होते. त्यांचा रोख मुख्यतः आपल्याच समाजाकडे होता, त्यामुळे सरकारला त्यांची अडचण झाली नाही. महादेव गोविंद रानडे यांची कथा वेगळी. न्यायखात्यात असतानाच ते सार्वजनिक सभेच्या कार्याचा कणा होते. सभेच्या त्रैमासिकात १८७८ पासून शेतसारा, दुष्काळ, प्रशासन यांवर प्रसिद्ध झालेल्या कित्येक निनावी लेखांमागे त्यांची लेखणी होती. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात, १८७९ मध्ये, त्यांच्यावर संशयाची छाया पडली आणि त्यांना पुण्यापासून दूर धुळ्याला धाडण्यात आले. त्यांच्या टपालावरही पाळत होती. पुढे संशय फिटला, आणि हेच रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

परक्या सरकारने नोकराच्या टीकेत राजद्रोह पाहावा, यात नवल नव्हते. ते सरकार प्रजेला उत्तरदायी नव्हते, आणि नोकराची निष्ठा राजमुकुटाला वाहिलेली होती. १९५० नंतर मात्र नोकर आणि सरकार दोघेही एकाच राज्यघटनेचे बांधील झाले. १९६४ च्या नियमात निनावी आणि टोपणनावाच्या लेखनावर आजही जो खास रोख आहे, त्यात त्या जुन्या संशयाचा वास उरलेला आहे.

न्यायालयाच्या दोन वाटा

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषणस्वातंत्र्य ‘सर्व नागरिकांना’ दिले. सेनादले, पोलीस आणि गुप्तवार्ता यंत्रणांच्या बाबतीत हे हक्क मर्यादित करण्याचा अधिकार अनुच्छेद ३३ ने संसदेला दिला. अन्य सरकारी नोकरांबाबत तशी तरतूद नाही. दुसरीकडे अनुच्छेद ३१० प्रमाणे नोकर राष्ट्रपतींच्या वा राज्यपालांच्या मर्जीपर्यंत पदावर राहतो, आणि अनुच्छेद ३११ त्या मर्जीला चौकशीची मर्यादा घालतो. या दोन प्रवाहांच्या मध्ये सर्वोच्च न्यायालय गेली सहा-सात दशके वाट काढत आले आहे.

पहिली वाट सरकारच्या बाजूची होती. साम्यवादी चळवळीशी संबंध असल्यावरून रेल्वेने सेवा संपुष्टात आणलेल्या कर्मचाऱ्यांचे पी. बालकोटय्या प्रकरण १९५७ मध्ये न्यायालयापुढे आले. न्यायालयाचे म्हणणे असे की, या आदेशाने त्यांना साम्यवादी राहण्यापासून रोखलेले नाही. त्यांची नोकरी तेवढी गेली आहे, आणि सरकारी नोकरीत राहण्याचा मूलभूत हक्क कोणालाच नाही. तर्क कायद्याच्या दृष्टीने नेटका होता. पण ज्याचे घर पगारावर चालते, त्याला या दोन गोष्टींमधील फरक समजावणे कठीण होते.

पुढे १९६२ मध्ये वाट बदलली. बिहार सरकारने १९५७ मध्ये आपल्या वर्तणूक नियमांत भर घालून कोणत्याही निदर्शनात वा संपात भाग घेण्यास नोकरांना बंदी केली होती. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी घटनापीठाच्या वतीने निकाल देताना सांगितले की, सरकारी सेवेत शिरताना माणूस नागरिकत्वाचे हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही. शांततामय निदर्शन हा अभिव्यक्तीचाच प्रकार असल्याने त्यावरची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरली. संपाचा हक्क मात्र न्यायालयाने मूलभूत मानला नाही, आणि तमिळनाडूतील २००३ च्या संपाच्या प्रकरणात ती भूमिका अधिक कठोर झाली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ या खटल्याचा निकाल लागला. जोसेफ हे मुंबईतील लेखापरीक्षा कार्यालयाचे कर्मचारी आणि त्यांच्या संघटनेचे पदाधिकारी. १९६० च्या जुलैमध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या देशव्यापी संपाच्या वेळी निदर्शनांत भाग घेतल्याचा आणि मान्यता काढून घेतलेल्या संघटनेत राहिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल लिहिला. निदर्शनांवरील बंदी रद्द झालीच, शिवाय सरकारची मान्यता नसलेल्या संघटनेत राहू नये हा नियमही रद्द झाला. संघटना करण्याचा हक्क सरकारच्या मान्यतेवर टांगता येत नाही, असे त्यामागचे कारण होते.

या दोन निकालांनंतर प्रश्न सुटला असे वाटावे. पण १९६४ चे नवे नियम त्यानंतर आले आणि नववा नियम त्यांत कायम राहिला. १९९८ मध्ये कर्नाटकातील एका सरकारी महामंडळाच्या कर्मचाऱ्याचे, एम. एच. देवेंद्रप्पा यांचे, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. संस्थेच्या कारभाराविषयी त्याने राज्यपालांना पत्र लिहिले होते आणि वृत्तपत्रांना निवेदन दिले होते. न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी लिहिलेल्या निकालात त्याची बडतर्फी कायम राहिली. संस्थेची शिस्त आणि कार्यक्षमता टिकविणे हा नियमाचा हेतू असून भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालणे हा त्याचा थेट उद्देश नाही, अशी ही भूमिका होती. स्वतःच्या संस्थेची बदनामी करून तिच्यातच राहण्याचा आग्रह धरता येत नाही, यात व्यवहारबुद्धीही आहे.

२०१४ मध्ये काटा पुन्हा उलट दिशेला झुकला. उत्तर प्रदेशातील प्रशासन सेवेतील अधिकारी विजय शंकर पांडे यांनी काळ्या पैशाविषयीच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयातच प्रतिज्ञापत्र सादर केले होते. त्याबद्दल त्यांच्यावर वर्तणूक नियमांचा भंग केल्याचा आरोप ठेवण्यात आला. पहिल्या चौकशीत ते निर्दोष ठरले, म्हणून दुसरी चौकशी लावण्यात आली. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या पीठाने ही कार्यवाही रद्द केली आणि सरकारला पाच लाख रुपयांचा खर्च भरावयास लावले. त्रिपुराच्या उच्च न्यायालयानेही २०२० च्या जानेवारीत त्या महिला कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. राजकीय सभेला हजर राहणे आणि सभेत भाग घेणे यांत फरक आहे, आणि नियमांच्या मर्यादेत राहून स्वतःची मते बाळगण्याचा व मांडण्याचा हक्क सरकारी नोकरालाही आहे, असा त्याचा आशय.

सर्वांत मूलगामी मुद्दा जानेवारी २०२३ मध्ये पुढे आला, तोही सरकारी नोकराच्या नव्हे, मंत्र्याच्या वक्तव्यावरून. कौशल किशोर प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची अनुच्छेद १९(२) मधील कारणे परिपूर्ण आहेत, त्यांत नवी भर घालता येणार नाही. सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी, एवढीच ती कारणे. नववा नियम या यादीशेजारी ठेवून पाहिला, तर परराष्ट्रसंबंधांविषयीचा भाग त्यात बसतो. पण ‘सरकारी धोरणावर प्रतिकूल टीका’ हे कारण यादीत कोठेही नाही. या कसोटीवर नियमाच्या पहिल्या भागाचे काय होईल, हा प्रश्न आज ना उद्या न्यायालयासमोर उभा राहणारच आहे.

तटस्थतेचा दावा

सरकारच्या बाजूचा युक्तिवाद क्षुल्लक म्हणून झटकून टाकता येणार नाही. जिल्हाधिकारी हा निवडणुकीत निर्वाचन अधिकारी असतो. दंगलीच्या रात्री कोणत्या मोहल्ल्यात आधी पोलीस पाठवायचे, हे त्याच्या सल्ल्याने ठरते. त्याने आदल्या दिवशी एका समाजाविरुद्ध वा पक्षाविरुद्ध मत जाहीर केले असेल, तर त्या समाजातील माणसाने त्याच्या दारात कोणत्या भरवशावर जावे? सचिवाचेही तसेच. सकाळी मंत्र्याला धोरणाची टिपणी सादर करायची आणि संध्याकाळी त्याच धोरणाची जाहीर लक्तरे काढायची, असे चालले तर मंत्री उद्यापासून त्याच्याशी मोकळेपणाने बोलणार नाही. सरकार बदलले तरी तोच सचिव नव्या मंत्र्याला निःपक्षपाती सल्ला देईल, हा संसदीय पद्धतीचा पाया आहे. सेवेच्या तटस्थतेचे मूल्य खरे आहे आणि ते जपलेच पाहिजे.

पण ही तटस्थता जपण्याचे काम नवव्या नियमाकडे नाहीच. ते पाचव्या नियमाकडे आहे. राजकीय पक्षाचे सदस्यत्व, राजकीय चळवळीला साहाय्य, निवडणुकीत प्रचार या सर्वांवर तो नियम बंदी घालतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याने निवडणुकीच्या कामावरील अधिकाऱ्याला उमेदवारासाठी काम करण्यास आणि सरकारी नोकराला उमेदवाराचा प्रतिनिधी होण्यास मनाई केली आहे, आणि त्याबद्दल शिक्षाही ठेवली आहे. गोपनीय माहिती फोडली तर वेगळा नियम आहे, त्याशिवाय शासकीय गुपिते अधिनियम आहे. यांतील प्रत्येक बंधनाला स्वतःचे कारण आहे. ही सारी बंधने बाजूला काढल्यावर नवव्या नियमाच्या पहिल्या भागात फक्त एकच गोष्ट उरते: सरकारला अप्रिय वाटेल असे बोलणे.

पाचवा नियमही निर्वेध नाही. राजकीय संघटना कोणती हे ठरविण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमात-ए-इस्लामी यांच्या कार्यात भाग घेण्यास काँग्रेस सरकारने १९६६ मध्ये परिपत्रकाने मनाई केली. १९७० आणि १९८० मध्ये तिचा पुनरुच्चार झाला. संघापुरती ती मनाई भाजपप्रणीत सरकारने ९ जुलै २०२४ रोजी उठविली. संघाविषयी कोणाचे मत काहीही असो, ५८ वर्षे जे वर्तन गैरवर्तन होते ते एका कार्यालयीन टिपणीने गैरवर्तन राहिले नाही, आणि दोन्ही वेळी संसदेला विचारावे लागले नाही. उद्या दुसरे सरकार येईल आणि यादी पुन्हा बदलेल. नोकराने कोणत्या संघटनेत जावे हे ठरविण्याची मुखत्यारी सत्ताधाऱ्यांकडे राहिली, तर त्या बंधनाला तटस्थता म्हणता येत नाही.

पद, विषय, नाते

अन्य लोकशाह्यांनी हा पेच सोडविताना एक साधी गोष्ट ध्यानात घेतली: सगळे नोकर सारखे नसतात. ब्रिटनमध्ये मास्टरमन समितीने १९४९ मध्ये अहवाल दिला. त्यावरील वाटाघाटींनंतर तेथील नोकरवर्गाचे राजकीयदृष्ट्या मुक्त, मधला आणि निर्बंधित असे तीन गट पडले. कामगार आणि कनिष्ठ कर्मचारी जवळपास मुक्त झाले, मधल्यांना परवानगीने मोकळीक मिळाली, आणि धोरण आखणाऱ्या वरिष्ठांवरचे बंधन कडक राहिले. अमेरिकेत पिकरिंग प्रकरणाचा १९६८ चा निकाल मैलाचा दगड मानला जातो. शाळा मंडळ पैसा कसा खर्च करते यावर स्थानिक वृत्तपत्रात टीकेचे पत्र लिहिणाऱ्या शिक्षकाला मंडळाने काढून टाकले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली. सार्वजनिक हिताच्या विषयावर नागरिक म्हणून बोलण्याचा नोकराचा हक्क आणि कार्यालय सुरळीत चालण्यातील सरकारचे हित यांचा तोल प्रत्येक प्रकरणात पाहावा, असा त्याचा दंडक. पुढे २००६ मध्ये याच न्यायालयाने कर्तव्याचा भाग म्हणून केलेल्या वक्तव्याला हे संरक्षण नाकारले.

भारतीय नियमाची मांडणी बरोबर याच्या उलट आहे. येथे कर्तव्य बजावताना मांडलेल्या मताला सूट आहे आणि नागरिक म्हणून मांडलेल्या मताला बंदी. शिवाय गोद्या, कारखाने अशा औद्योगिक आस्थापनांतील ठरावीक कामगारवर्गाला असलेली मर्यादित सवलत सोडली, तर बंदी सर्वांना एकसारखी आहे. परराष्ट्र सचिव आणि दुर्गम तालुक्यातील टपाल कार्यालयातला कर्मचारी एकाच मापाने मोजले जातात. त्या टपाल कर्मचाऱ्याने आपल्या गावातील धरणाच्या पुनर्वसन धोरणावर पत्र लिहिले, तर भारत सरकारच्या टपालसेवेची कार्यक्षमता नेमकी कशी खालावते, हे कोणत्याही परिपत्रकात आढळत नाही. त्याच्या टेबलाशी त्या विषयाचा संबंध नसतो. गावाशी मात्र असतो, आणि धरणात बुडणारे शेत कदाचित त्याचेच असते.

आठव्या नियमात याहून शहाणा मार्ग आधीच दिलेला आहे. पुस्तक लिहिणाऱ्या वा माध्यमांत भाग घेणाऱ्या नोकराने आपली मते व्यक्तिगत असून सरकारची नाहीत, हे स्पष्ट करावे, असे तो नियम सांगतो. सरकारी नोकरीत राहून कथा, कविता, समीक्षा लिहिणाऱ्यांची देशातील प्रत्येक भाषेत असलेली मोठी परंपरा या मोकळिकीवर उभी आहे. कवितेला जे पुरते, ते नागरी मताला का पुरू नये, याचे उत्तर नियमांत नाही.

आतला दरवाजाही बंद

बाहेर बोलू नका, आत बोला, असे यावर सांगितले जाते. आत बोलण्याची किंमत काय असते, हे सत्येंद्र दुबे यांच्या मृत्यूने दाखवून दिले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहाराची तक्रार थेट पंतप्रधान कार्यालयाकडे केली होती आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांनी वृत्तपत्राकडे धाव घेतली नव्हती, जाहीर टीका केली नव्हती. नियमांना अपेक्षित असलेल्या वाटेनेच ते गेले होते.

त्यानंतरच्या संतापातून २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे गोपनीय तक्रारींची व्यवस्था आली, आणि दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला. राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. मात्र तो अमलात आणण्याची अधिसूचना निघाली नाही. २०१५ चे दुरुस्ती विधेयक लोकसभेने संमत केले, राज्यसभेत ते अडकले आणि सोळाव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. जवानाची स्थिती त्याहून बिकट. सीमा सुरक्षा दलाच्या ज्या जवानाने २०१७ च्या जानेवारीत निकृष्ट जेवणाची चित्रफीत प्रसिद्ध केली, तो एप्रिलमध्ये बडतर्फ झाला. निवृत्तीनेही तोंड मोकळे होईलच असे नाही. गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांतील निवृत्तांनी आपल्या क्षेत्राविषयी काही प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, अशी दुरुस्ती निवृत्तिवेतन नियमांत २०२१ मध्ये झाली.

खासदाराकडे जाण्याची वाटही अरुंदच. सेवाविषयक बाबींत राजकीय दडपण आणू नये, असे विसावा नियम बजावतो. ज्या सभागृहात सदस्यांना अनुच्छेद १०५ अन्वये संपूर्ण वाक्स्वातंत्र्य आहे, तेथपर्यंत नोकराची कैफियत पोहोचली तर ती पोहोचविणाऱ्याचे नाव विचारले जाते.

संसदेचे मौन

या साऱ्या व्यवहारात एक संस्था ठळकपणे अनुपस्थित आहे, ती म्हणजे खुद्द संसद. अनुच्छेद ३०९ ने सेवाशर्तींविषयी कायदा करण्याचा अधिकार प्रथम कायदेमंडळाला दिला. कायदा होईपर्यंत कार्यकारी यंत्रणेने नियम करावेत, अशी सोय त्याच्या परंतुकात आहे. सोय तात्पुरती होती. ती सात दशकांहून अधिक काळ चालू आहे. केंद्रीय नोकरांचे वर्तणूक नियम आजही त्या परंतुकावर उभे आहेत. म्हणजे ज्याच्यावर टीका होऊ नये, त्यानेच टीकेच्या बंदीचा नियम केला आणि मोडणाऱ्याची चौकशीही तोच करतो. सार्वजनिक सेवांची मूल्ये कायद्यात बांधण्याचा मसुदा २००७ च्या सुमारास तयार झाला होता. तो कायद्यापर्यंत पोहोचला नाही. सत्तेवर असताना कोणत्याही पक्षाला हा नियम सोयीचा वाटतो, आणि विरोधात गेल्यावर त्याला तो आठवतो तोवर पुढची निवडणूक आलेली असते.

संसदेने हा विषय हाती घ्यायचे ठरविले तर फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. तीन प्रश्न कायद्यात विचारले तरी पुरे. बोलणाऱ्याचे पद धोरण ठरविणाऱ्यांपैकी आहे काय? विषय त्याच्या स्वतःच्या कामाशी निगडित आहे काय? तो पदाच्या नात्याने बोलत आहे की नागरिक म्हणून? या तिन्हींची उत्तरे नोकराच्या बाजूने असतील, तर शिस्तभंगाचे कारण उरू नये. आणि सचिवाने वा जिल्हाधिकाऱ्याने धोरणाच्या राजकीय वादात उतरू नये, असे ठरविले तर ते बंधन स्तुतीलाही लागू व्हावे. मंत्र्याची आरती ओवाळणारा अधिकारी विरोधी पक्षाच्या मतदाराला टीकाकार अधिकाऱ्याइतकाच परका वाटतो.

यात गुंतलेला प्रश्न केवळ नोकरांच्या हक्काचा नाही. शिधापत्रिकेच्या दुकानात अंगठ्याचा ठसा का जुळत नाही, शाळेत शिक्षक असूनही वर्ग का भरत नाही, धरणग्रस्ताचा धनादेश कोणत्या टेबलावर अडतो, हे सर्वांत आधी आणि सर्वांत अचूक ज्याला कळते तो सरकारी नोकर असतो. नवव्या नियमाने त्याला गप्प केले, की नागरिकाच्या हाती योजनांच्या यशाच्या जाहिराती तेवढ्या उरतात. कामेश्वर प्रसाद निकालाने १९६२ मध्ये मान्य केलेले नागरिकत्व त्या नोकराला पूर्णतः परत द्यायचे की नाही, हे आजवर न्यायालयांनी एकेका प्रकरणात, तुकड्यातुकड्यांनी ठरविले. ते एकदा सभागृहात, नोंद होईल अशा मतदानाने ठरावे, एवढी अपेक्षा या देशाच्या संसदेकडून अवाजवी नाही.